झोपेत दात खाताय? रात्री दातांवर घालायचा गार्ड घ्यायच्या आधी आरशात बघा

लहान पोर झोपेत करकर दात खायला लागलं की आमची आजी म्हणायची, जंत झालेत, वावडिंग द्या. पोरांचं बहुतेकदा मोठं होता होता आपोआप थांबतं, जंतांशी फारसा संबंध नसतो. पण मोठ्या माणसाला हे होतंय ते कळतच नाही कारण तो बिचारा झोपलेला असतो. मला बायकोनं सांगितलं तर मी कितीतरी दिवस म्हणत होतो, तूच स्वप्नात ऐकलं असशील.

तर तपासायचं कसं. सकाळी उठल्या उठल्या दोन्ही तळवे गालांवर ठेवा, कानाच्या जरा पुढं आणि खाली, आणि दात आवळा. जो टणक फुगतो तो चावण्याचा स्नायू, मॅसेटर. तो सकाळी सकाळीच दुखरा असेल, कानशिलं ठणकत असतील तर संशयाला जागा आहे. मग मोबाईलचा टॉर्च लावून आरशात बघा, सुळ्यांची टोकं सपाट झालीत का, जिभेच्या कडांवर दातांचे ठसे आहेत का, गालाच्या आतून पांढरी आडवी रेघ आहे का. नुसत्या रेघेवरून घाबरू नका, ती बऱ्याच जणांना असते.

दातांचं नुकसान सगळ्यात वाईट, कारण इनॅमल, म्हणजे दातावरचं आवरण, शरीरातला सगळ्यात कडक भाग असला तरी एकदा झिजलं की परत येत नाही. मग गार पाण्यानं झिणझिण्या, दाढेला बारीक चीर, घातलेली कॅप सारखी तुटणं, असं सुरू होतं. हिरड्यांचं मात्र लोक उगाच गार्‍हाणं घालतात. नुसतं दात खाल्ल्यानं हिरड्यांचा आजार होत नाही, तो साचलेल्या किटणानं होतो. पण आधीच हिरड्या सुजलेल्या आणि हाड कमी झालेलं असेल तर त्यावर हा रोजचा दाब आला की दात जास्त हलायला लागतात, म्हणून गार्डच्या आधी क्लीनिंग करून घ्या.

आता जबड्याचा सांधा. तो कानाच्या अगदी पुढंच असतो, त्यामुळं तो दुखला की कान दुखतोय असंच वाटतं, मी तर कानात थेंब घालत बसलो होतो! तिथं बोटं ठेवून तोंड हळू उघडा. नुसता टक आवाज येतो, दुखत नाही, तर सोडून द्या. पण जबडा अडकतोय, किंवा तोंडात तीन बोटं उभी मावत नाहीत, तर डेंटिस्टकडं जाच.

गार्ड घ्यायचा तर माप देऊन बनवलेला कडक अ‍ॅक्रिलिकचा घ्या. दुकानातला मऊवाला स्वस्त पडतो पण काही जण तो रबर चावल्यासारखा आणखीच चावतात. आणि हे नीट समजून घ्या की गार्डमुळं दात खाणं थांबेलच असं नाही, झीज दातांऐवजी गार्डची होते एवढंच. धुवायचा साध्या पाण्यात, गरम पाण्यात टाकलात तर वाकडा होऊन बसेल.

दिवसा पण लक्ष ठेवा. ओठ मिटलेले, दात सुटे, मध्ये 2 ते 4 मिलिमीटर फट, ही जबड्याची आरामाची स्थिती. मी कॉम्प्युटरवर एक चिठ्ठीच चिकटवलीय, "दात सोड". संध्याकाळनंतर चहा-कॉफी, दारू, तंबाखू कमी करा, च्युइंगम आणि सुपारी बंद. झोपायच्या आधी गालावर कोमट फडक्याचा शेक दहा मिनिटं.

जोरात घोरत असाल, दिवसभर पेंगत असाल तर झोपेत श्वास अडकतोय का ते डॉक्टरांना विचारा, ते आणि दात खाणं बऱ्याचदा एकत्र दिसतं. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीही दात खाणं वाढतं, पण म्हणून गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, लिहून देणाऱ्यांशी बोला. आणि तपासणीला जाताना गार्ड खिशात घालून न्या, त्यावरचे ओरखडे बघून कुठल्या बाजूला जोर पडतोय याचा डेंटिस्टला अंदाज येतो.