बेळगावात रूम घेताना कागदावर नाव कुणाचं?

केईएच्या, म्हणजे कर्नाटकच्या प्रवेश प्राधिकरणाच्या, पहिल्या फेरीत बेळगावचं कॉलेज लागलं की घरात पेढ्यांच्या आधी रूमचा विषय निघतो. "चांगल्या रूम संपतील, आत्ताच धरून ठेव," असं सांगणारा एक मामा प्रत्येक घरात असतो. त्याचं ऐकू नका. पुढच्या फेऱ्यांत सीट बदलते, कुणाला हुबळी लागतं, कुणाला बेंगळुरू, आणि मागे उरतो तो अकरा महिन्यांच्या भाडेकराराचा कागद. मला मुख्यतः त्या कागदाबद्दलच बोलायचं आहे. बाकीचं आधी उरकून घेते.

पहिलं म्हणजे, रूम लागणारच आहे का ते बघा. खानापूर गावातल्या आणि त्या रस्त्यावरच्या गावांतल्या मुलींना खरं तर पहिलं सेमिस्टर ये-जा करता येते. जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकचा पत्ता असलेल्या बायकांना सरकारी साध्या बसला तिकीट नाही, आणि उद्यमबाग-मच्छेची कॉलेजं खानापूर रोडवरच आहेत, शहरात शिरायचीही गरज पडत नाही. मी जांबोटीच्या पलीकडची. आमच्याकडे पावसाळ्यात संध्याकाळची बस आली तर आली, त्यामुळे मला पर्याय नव्हता. चंदगडच्या मुलींचं आधार महाराष्ट्राचं, त्यांना शक्ती लागू होत नाही. वर सीमेवर काही झालं की एसटी शिनोळीलाच थांबते. २०२५ च्या फेब्रुवारीत दोन्हीकडच्या गाड्या अडकल्या होत्या ते आठवत असेलच. परीक्षेच्या सकाळी तसं झालं तर? चंदगडवाल्यांनी रूम घ्यावीच.

एरिया कॉलेज बघून ठरतो. जेएनएमसी या मेडिकल कॉलेजची मुलं नेहरूनगर, सदाशिवनगर, शिवबसवनगर सोडून लांब जात नाहीत. उद्यमबागवाल्यांना अनगोळ, भाग्यनगर, हिंदवाडी, मजगाव, आणि मच्छेवाल्यांना पिरनवाडी. आरपीडी, जीएसएस, गोगटे कॉमर्स, लॉ कॉलेज यांच्यासाठी टिळकवाडी. टिळकवाडीत खानावळी, झेरॉक्स, लायब्ररी सगळं पायाखाली आहे आणि भाड्यात त्याचे पैसे लावलेले असतात. रेल्वे गेटच्या कुठल्या बाजूला राहताय तेवढं बघा. सकाळी गेट पडलं की नवाचं लेक्चर गेलं.

आता सिनियरांबद्दल. माझं मत ऐकून काहींना राग येईल. "ताई, तुमच्या ओळखीत रूम आहे काय?" असं विचारलं की जी ताई दहा मिनिटांत स्वतःचीच रूम दाखवते, तिला तुमची काळजी कमी आणि स्वतःच्या डिपॉझिटची जास्त असते. तिला बाहेर पडायचं आहे आणि तिच्या जागी कुणीतरी हवं आहे. त्यात पाप काही नाही, पण तिच्या तोंडून नळाला पाणी कधी येतं ते खरं कळणार नाही. त्यापेक्षा एजंट बरा. तो एक महिन्याचं भाडं कमिशन घेतो आणि घेतो म्हणून सांगतो. सगळ्यात खरी माहिती गल्लीतल्या इस्त्रीवाल्याकडे मिळते. कुठल्या घरातली मुलं दर वर्षी बदलतात ते त्याला बरोबर माहीत असतं.

पाणी आणि ओल या दोन गोष्टी मात्र स्वतः बघा. शहराला पाणी राकसकोप आणि हिडकल धरणांचं. काही वॉर्डांत चोवीस तास असतं, बाकी ठिकाणी पाळीने सोडतात आणि उन्हाळ्यात ती पाळी लांबते. "पाणी येतं काय?" असं विचारलं तर कुठलीही मालकीण "येतंय की गे, पाण्याला काय झालंय!" असंच म्हणणार. एका घरात मी पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर निळ्या पेनने तारखांना गोल केलेले होते आणि एका गोलाशेजारी बारीक अक्षरात 'अर्धा तास' लिहिलेलं. मे महिन्याच्या पानावर गोल इतके लांब लांब होते की पुढे काही विचारायची गरजच उरली नाही. आवारात विहीर किंवा बोअर आहे का, मोटर कुणाच्या मीटरवर चालते, वरच्या टाकीत तुमचा वाटा किती, हे विचारा. लाजू नका.

ओल उन्हाळ्यात दिसत नाही. एप्रिलमध्ये नवा रंग मारलेली पश्चिमेची भिंत जुलैत काळी पडते. बेळगावचा पाऊस आठ-आठ दिवस उघडीप देत नाही. कपाट भिंतीपासून ओढून मागे हात लावून बघा. हात लावू देत नसतील तर तेच उत्तर समजा. वडगाव, शहापूरकडे बळ्ळारी नाल्याच्या जवळ तळमजला घेत असाल तर ऑगस्ट २०१९ मध्ये इथे पाणी कुठवर आलं होतं हे शेजाऱ्यांना विचारा, मालकांना नको.

मालक आडनाव विचारतात. मग गाव, मग "मासे-मटण खाता काय?" चिडू नका, पण खोटंही बोलू नका. वास लपत नाही आणि त्या कारणावरून मध्येच घर सोडायला लागणं फार वाईट. 'नॉनव्हेज चालणार नाही' म्हणणारे तोंडावर म्हणतात, तेवढं बरं आहे. चालवून घेणारी घरंही भरपूर आहेत, दोन गल्ल्या जास्त फिरायला लागतं इतकंच.

आता कागद.

आम्ही तिघी होतो. एक निपाणीकडची, एक चंदगडची, एक मी. वरचा मजला, बाहेरून जिना, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. कागद करायच्या दिवशी चंदगडच्या मैत्रिणीचं आधार गावी राहिलं होतं. निपाणीवालीचे बाबा म्हणाले, "एकीचं नाव पुरे की. तुम्ही काय परक्या आहात एकमेकींना?" झेरॉक्स माझ्याकडे तयार होती, सही माझी झाली. मालकांना एकच नाव सोयीचं, एकालाच फोन करायला लागतो. कागद कन्नडमध्ये टाइप केलेला. टायपिस्टने भाडं, डिपॉझिट आणि तारीख वाचून दाखवली आणि मधलं पान "हे सगळं नेहमीचंच हो" म्हणत उलटलं.

केईएची शेवटची फेरी लांबली आणि निपाणीवालीला बेंगळुरूची सीट लागली. चार दिवसांत ती गेली. आठवड्याने तिच्या बाबांचा फोन आला, मालकांना नाही, मला: "आमचे डिपॉझिटचे पैसे कधी देताय?" मालक म्हणाले, घर रिकामं केल्यावर डिपॉझिट, मध्ये नाही. थंडीत चंदगडची मैत्रीण घरच्या अडचणीने गावी गेली ती आलीच नाही. भाड्यासाठी फोन मात्र दर महिन्याला मलाच.

हा हिशोब नीट समजून घ्या, कारण बहुतेकांना तो प्रत्यक्ष गळ्यात पडल्यावरच कळतो. समजा भाडं ९,००० आणि डिपॉझिट ३०,०००. तिघींत वाटलं तर महिन्याला ३,००० आणि डिपॉझिटचे १०,००० प्रत्येकी. एक गेली की भाडं ४,५०० झालं. तिचे १०,००० मालकांकडे अडकलेले, पण ती मागणार तुमच्याकडे, कारण तिने ते तुमच्या हातात दिले होते आणि पावती तुमच्या नावाची. दुसरी गेली की भाडं ९,००० आणि मागणारे दोघे. लॉक-इनची, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी घर न सोडण्याची, अट असेल तर घर सोडायचीही सोय नाही. सोडलंत तर उरलेल्या महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून कापतात. माझ्या कागदात ती अट होती, त्याच उलटलेल्या पानावर. मालकांच्या बाजूने यात बेकायदा काहीच नाही. त्यांनी एकीशी करार केला आणि ती एकी म्हणजे मी.

सगळ्यांची नावं असती तर काय झालं असतं? १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं ४३ वं कलम सांगतं की अनेकांनी मिळून वचन दिलं असेल तर समोरचा कुणाही एकाकडून पूर्ण वसुली करू शकतो. म्हणजे मालक तरीही माझ्याकडेच ९,००० मागू शकले असते. पण त्याच कलमात पुढे आहे की ज्याने भरलं तो बाकीच्यांकडून त्यांचा वाटा मागू शकतो. एकटीच्या नावावर कागद असला की ही दुसरी बाजू हातात राहत नाही, मग मैत्रीवर बोलायला लागतं. मैत्री किती दिवस पुरते?

म्हणून सगळ्या राहणाऱ्यांची नावं आणि सह्या घ्या. आधार नसेल तर दोन दिवस थांबा, घर पळून जात नाही. अठराच्या आतली पीयूसीची (अकरावी-बारावीची) मुलगी असेल तर तिच्या बाबांची किंवा आईची सही, कारण अल्पवयीनाचा करार कायद्यात टिकत नाही. डिपॉझिटमध्ये कुणाचे किती ते कागदातच लिहा आणि प्रत्येकीने आपापल्या खात्यावरून थेट मालकांना पाठवा. सगळे पैसे गोळा करून एकीने द्यायचे नाहीत, ती एकी कितीही हुशार असली तरी. मध्ये सोडणारीने महिनाभर आधी सांगायचं, तिच्या जागी येणारीने डिपॉझिट सोडणारीला द्यायचं आणि मालकांनी त्याच कागदाच्या पाठीमागे तसं लिहून सही करायची, ही अट घाला. मालक कुरकुरतील. "आजवर कुणी मागितलं नाही," म्हणतील. तुम्ही मागा. ऐकत नसतील तर पीजी घ्या, तिथे निदान एका खाटेपुरतीच जबाबदारी असते.

आणि कागद वाचल्याशिवाय सही नाही. कन्नड वाचता येत नसेल तर प्रत्येक पानाचा फोटो काढून वर्गातल्या कन्नड मीडियमच्या कुणाला तरी दाखवा, चहावर काम होतं. लॉक-इन, नोटीस आणि रंगकाम या तीन ठिकाणी बोट ठेवून विचारा. रंगासाठी एक महिन्याचं भाडं कापायची इकडे रीतच आहे. कागदात लिहिलं असेल तर गेलेच, नसेल तर वाद घालता येतो, कारण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०८ व्या कलमात वापराने होणारी साधी झीज भाडेकरूच्या माथी मारलेली नाही. नोटिशीबद्दल कागदात काहीच नसेल तर महिन्याच्या भाड्याला १५ दिवसांची नोटीस लागते. भिंतीवरचे आधीचे डाग, फुटका बेसिन, पंखे, सगळ्याचा व्हिडिओ पहिल्याच दिवशी काढून मालकांना व्हॉट्सअॅप करून ठेवा.

हे वाचून कुणी घाबरून गेलं असेल तर सांगते, माझे मालक वाईट नव्हते. काकू सणाला वर ताट पाठवायच्या. पुढे उद्यमबागच्याच दोन मुली मिळाल्या आणि वर्ष निघालं. रूमवर राहून मी स्वयंपाक शिकले, हेस्कॉमचं लाइट बिल वाचायला शिकले. निपाणीवाली अजून दिवाळीला मेसेज करते. पैशाचा विषय आम्ही दोघी काढत नाही.

लाइट बिलाचं तेवढं राहिलं. कर्नाटक सरकारची मोफत विजेची गृहज्योती योजना भाडेकरूलाही मिळते. मीटर घरगुती हवा आणि त्याचा आरआर नंबर (बिलावरचा जोडणी क्रमांक) तुमच्या आधारला जोडायला लागतो. महिन्याला २०० युनिटच्या वर गेलात की पूर्ण बिल येतं, आणि तीन मुली, एक गीझर, एक कॉइल म्हटलं की पावसाळ्यात तिथे पोचायला वेळ लागत नाही. मालक म्हणाले की "मीटर आमच्या नावावर, तुम्ही युनिटमागे दहा रुपये द्या," तर आधी त्यांचं शेवटचं बिल बघायला मागा. त्यावर भरायची रक्कम शून्य असेल तर दहा रुपये कसले ते विचारा. घर सोडताना मीटरचा फोटो काढा आणि आधारची जोडणी काढून घ्या, नाहीतर नव्या घराचा अर्ज अडतो. सामान हलवायला १ नोव्हेंबर सोडून कुठलाही दिवस धरा. त्या दिवशी राज्योत्सव आणि काळा दिन, टेम्पो मिळत नाही.