क्लबबाहेर पंक वाजवताना या चुका टाळा

१३ जून १९७८ रोजी 'द क्रॅम्प्स' या पंक (वेगवान, आक्रमक रॉक संगीत) वाजवणाऱ्या बँडने कॅलिफोर्नियातील नापा येथील सरकारी मनोरुग्णालयात रुग्णांसमोर कार्यक्रम केला. पंकला रंगमंच लागत नाही हे तेव्हाच सिद्ध झाले. परंतु क्लबचे कर्मचारी जी कामे एरवी मुकाट्याने उरकतात, ती सारी तळघरात किंवा गोदामात वाजवणाऱ्या बँडवर येऊन पडतात, ही गोष्ट हमखास विसरली जाते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे गिटारच्या अँपपासून (आवाज मोठा करणाऱ्या अँप्लिफायरपासून) आवाज लावायला सुरुवात करणे. लहान खोलीत ड्रमचा आवाज फारसा कमी करता येत नाही, म्हणून आधी त्यावर गायकाचे शब्द ऐकू येतील असे पाहावे आणि मगच गिटार त्यात बसवावी. अँप जमिनीवर असला की त्याचा आवाज वादकाच्या पोटऱ्यांवर आदळतो, कानापर्यंत नीट पोहोचत नाही, आणि तो बिचारा नॉब फिरवतच राहतो. अँप खुर्चीवर ठेवला किंवा मागे कलता केला, तर हा प्रश्न बहुधा तिथेच सुटतो. माइक शिट्टी मारत असेल, तर स्पीकर गायकाच्या मागे तर नाहीत ना, हे आधी तपासावे. माइकची जाळी मुठीत धरण्याची पंक गायकांची लकब दिसते छान, पण त्यामुळे माइक चहूबाजूंचा आवाज ओढतो आणि शिट्टी वाढते.

अँप गुणगुणतो म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढणे हा तर जिवाशी खेळ आहे, कारण बिघाड झाल्यास गिटारच्या तारांवर बोटे आणि माइकला ओठ लागताच विजेचा झटका बसू शकतो. अँप आणि मिक्सर (माइकचे आवाज एकत्र करणारे यंत्र) वेगवेगळ्या सर्किटवर असल्यानेही अशी गुणगुण येते, तेव्हा भार झेपत असेल तर दोन्ही एकाच सर्किटवर घ्यावेत. जनरेटर मात्र बाहेर, दारे-खिडक्यांपासून दूरच असावा; त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.

डिसेंबर २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंडमधील 'घोस्ट शिप' या गोदामात संगीताचा कार्यक्रम सुरू असताना आग लागली आणि ३६ जण दगावले. त्यामुळे ज्या जागेला बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग नाही, ती कितीही मनात भरली तरी सोडून द्यावी. दुसरे दार असेल, तर ड्रमच्या रिकाम्या पेट्या त्यासमोर रचू नयेत, आणि प्रेक्षक येण्याआधी दिवे मालवून त्या दारापर्यंत एकदा चालून पाहावे.