यिशिंगचा मातीचा टीपॉट गिफ्ट देताय? या चुका टाळा

चहा मनापासून पिणाऱ्या माणसाला यिशिंगचा टीपॉट द्यायचा विचार एकदम छान आहे, पण त्यात चुकायला जागा खूप आहेत. मी केलेली चूक आधी सांगते. मावशीच्या साठीला मी तिला सुंदर जांभळट टीपॉट दिला, आणि मावशी आयुष्यभर आलं-वेलचीचा दुधाचा चहा पिणारी. तिने कौतुकाने त्यात रोज चहा गाळून ठेवला, मग साबणाने घासला, आणि दोन आठवड्यांत त्याला दुधाचा जो आंबूस वास बसला तो गेलाच नाही. मला फार वाईट वाटलं, कारण चूक माझी होती, तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

यिशिंगच्या मातीला वरून ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, नसतं. चीनमध्ये ज्यांग्सू प्रांतात ताय सरोवराजवळ यिशिंग शहर आहे, तिथली ही माती, नाव झिशा, म्हणजे जांभळी वाळू. 1100 ते 1200 डिग्रीच्या आसपास भाजली तरी तिच्यात बारीक छिद्रं राहतात, माठासारखं पाणी झिरपत नाही पण चहाचा वास आत मुरत जातो, म्हणूनच चीनच्या मिंग राजघराण्याच्या काळापासून तिचं एवढं कौतुक आहे आणि जाणकार लोक एक टीपॉट एकाच प्रकारच्या चहाला ठेवतात. मग त्यात दूध, साखर, मसाला, साबण काहीच चालत नाही, आणि गॅसवर तर अजिबात ठेवायचा नाही.

म्हणजे दुकानात जायच्या आधी विचारायचं ते हे, की समोरचा माणूस कुठला चहा पितो. उलाँग किंवा पुअर (हे बिनदुधाचे चिनी चहा) पीत असेल तर डोळे मिटून घ्या. नाजूक ग्रीन टीवाल्याला काचेचं किंवा पोर्सेलीनचं भांडं बरं, कारण जाड माती उष्णता धरून ठेवते आणि पानं शिजल्यासारखी होतात. दुधाच्या चहावाल्यांना ग्लेझवाली किटलीच द्या. आणि एक घोळ नावाचा पण होतो, आपण "चिनी मातीची किटली" म्हणतो ती पांढरी चकचकीत, ऑनलाइन तसं शोधलं तर तीच येते, यिशिंगची नाही.

दुसरी चूक साइजची. आपल्याला वाटतं गिफ्ट आहे तर मोठं घेऊ. पण एक-दोन माणसांसाठी 100 ते 150 मिलीचाच टीपॉट लागतो, कारण त्यात पानं भरपूर घालून त्याच पानांचा चहा पुन्हा पुन्हा काढायचा असतो, दर वेळी पानं थोडाच वेळ भिजवून. बघणारा म्हणेल हा तर भातुकलीतला आहे, म्हणू दे.

आता खरं-खोटं. भडक निळा, हिरवागार असा रंग दिसला तर मी हात लावत नाही. 2010 मध्ये चीनच्या सरकारी टीव्हीनेच दाखवलं होतं की साध्या मातीत केमिकल रंग घालून ती झिशा म्हणून विकतात. खरे रंग शांत असतात, जांभळट तपकिरी, विटकरी लाल, पिवळसर. टीपॉटवरच्या कारागिराच्या नावाच्या शिक्क्यावर तर बिलकुल जाऊ नका. गू जिंगझोऊ (1915–1996) हे या कलेतलं फार मोठं नाव, त्यांच्या टीपॉटना लिलावात कोट्यवधी युआन मिळालेत, त्यामुळे बाजारात स्वस्तात त्यांचा शिक्का दिसला तर तो खोटाच समजा. "अँटिक आहे" म्हणून काळपट चमक दाखवतात, तिथे उकळतं पाणी ओतून वास घ्या, पॉलिशचा वास आला की ठेवून द्या.

पूर्ण हाताचं काम म्हणजे मातीची पोळी लाकडी थापीने थापून, पट्ट्या जोडून केलेलं, चाकावर फिरवून नाही. ते महाग असणारच. त्याखालोखाल साचा वापरून अर्धं हाताने केलेलं असतं, आणि गिफ्टला तेवढं पुरेसं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पातळ चिखल साच्यात ओतून केलेलं मात्र नको.

घेताना पाणी मागाच, लाजू नका. धार एकसंध पडली पाहिजे, ओतून झाल्यावर तोटीखाली ओघळ यायला नको. झाकणाच्या भोकावर बोट ठेवलं की धार थांबायला हवी, म्हणजे झाकण नीट बसलंय. माठ घेताना मारतो तशी हलकी टिचकी मारा, चीर असेल तर आवाज बद्द येतो.

दिल्यानंतर फोन येतात ते साधारण तीन गोष्टींसाठी. नवीनला मातीचा वास येतो, तर उकळतं पाणी चार-पाच वेळा भरून ओता. बुरशी आली, म्हणजे ओली पानं आत राहिली, तर पानं काढून उकळतं पाणी पुन्हा पुन्हा घाला, मग झाकण उघडं ठेवून सावलीत वाळवा. थंड टीपॉटमध्ये एकदम उकळतं ओतल्याने तडा गेला तर मात्र इलाज नाही, म्हणून आधी कोमट पाण्याने गरम करून घ्यायला सांगा.

चिनी सहकाऱ्याला देत असाल तर सोबत चार कप देऊ नका, तिकडे चारचा उच्चार मृत्यूच्या शब्दाशी जुळतो. दोन्ही हातांनी द्या, आणि तुमच्यासमोर उघडलं नाही तर मनाला लावून घेऊ नका.

पॅक करताना झाकण वेगळ्या कापडात गुंडाळा, आणि "साबण नको, दूध नको, गॅस नको" एवढी चिठ्ठी स्वतःच्या हाताने लिहून आत टाका.