हाखेलची तयारी : राजाने तोरा वाचण्यापूर्वी काय काय सिद्ध असावे

सर्वांत आधी वर्ष पक्के करावे, कारण हाखेल, म्हणजे साऱ्या इस्राएलाने (यहुदी लोकांनी) यरुशलेमच्या मंदिरात एकत्र येऊन राजाच्या तोंडून तोरा (मोशेचे पाच ग्रंथ) ऐकण्याची सभा, सात वर्षांतून एकदाच भरते. जमीन पडीक ठेवण्याचे आणि कर्ज सोडून देण्याचे सातवे वर्ष संपले, आठवे लागले आणि मांडवांच्या सणाचा पहिला दिवस सरला, की सभेची वेळ होते. सातव्या वर्षी पेरणी नसते, शेत कोणा एकाचे नसते. अशा वर्षातून नुकताच बाहेर पडलेला माणूस सभेला येतो, हे तयारी करणाऱ्याने लक्षात ठेवावे. ठरलेला दिवस शब्बाथाला, म्हणजे शनिवारच्या विश्रामदिनी, आला, तर सभा पुढे ढकलावी.

मग जागा. मंदिराच्या आवारात लाकडी चौथरा उभारावा. मध्ययुगातले यहुदी धर्मशास्त्रकार मैमोनिडीस यांच्या मते तो स्त्रियांच्या अंगणाच्या मधोमध असावा, म्हणजे राजाचा आवाज चहूकडे पोहोचेल. लोकांना बोलावण्यासाठी यरुशलेमभर कर्णे वाजवावे लागतात, तेव्हा ते आधीच हाताशी असावेत. त्या दिवशी ज्या याजकाच्या हाती कर्णा नसे, तो याजक नसावा असे लोक म्हणत, आणि यरुशलेमचे रहिवासी एका सुवर्ण दिनाराला कर्णे भाड्याने देत, अशी आठवण तोसेफ्ता या जुन्या यहुदी नियमसंग्रहात आहे.

सर्वांत मोठी तयारी राजाची, आणि ती सभेच्या कितीतरी आधीपासून चालू असली पाहिजे. अनुवाद, म्हणजे तोराचा पाचवा ग्रंथ, याच्या १७व्या अध्यायाप्रमाणे राजाने गादीवर बसल्यावर स्वतःसाठी तोराची प्रत लिहावी. ही प्रत मंदिराच्या अंगणातील प्रतीशी ताडून ७१ जणांच्या न्यायसभेकडून तपासून घ्यावी. राजा लढाईला निघाला की ती बरोबर जाते, न्याय करताना त्याच्यापाशी असते, जेवायला बसला की समोर असते. घोडे आपल्या रथापुरते, सोनेचांदी सैन्याच्या पगारापुरती, बायका अठरांहून अधिक नाहीत, असा मिश्ना या यहुदी नियमग्रंथाचा हिशेब आहे. धूप जाळण्याचा अधिकार तर त्याला मुळीच नाही. उज्जीया राजा धूपपात्र घेऊन मंदिरात शिरला, तेव्हा ऐंशी याजक त्याला आडवे आले आणि तेथेच त्याच्या कपाळावर कोड उठले. हे सारे अंगवळणी पडलेले नसेल, तर चौथरा कितीही भक्कम बांधला तरी तयारी अपुरीच आहे, असे मी मानतो.

ग्रंथ राजाच्या हाती कसा पोहोचतो, याचा क्रम ठरलेला असावा. सभास्थानाचा सेवक तोराची गुंडाळी उचलून सभास्थानाच्या प्रमुखाकडे देतो, प्रमुख उपमहायाजकाकडे, तो महायाजकाकडे आणि महायाजक राजाकडे. राजाने ती उभे राहून घ्यावी; वाचताना मात्र त्याला बसण्याची मुभा आहे. अग्रिप्पा राजाने उभे राहून घेतली आणि उभ्यानेच वाचली, तेव्हा विद्वानांनी त्याची वाखाणणी केली. वाचता वाचता तो ‘जो तुझा भाऊ नाही अशा परक्याला आपल्यावर राजा नेमू नकोस’ या वचनापाशी आला आणि त्याच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले, कारण त्याचे घराणे मूळचे अदोमी, म्हणजे शेजारच्या परक्या लोकांतले. लोक म्हणाले, “भिऊ नकोस अग्रिप्पा, तू आमचा भाऊ आहेस,” आणि हे त्यांनी तीनदा म्हटले. त्याला ते वचन गाळता आले असते, पण त्याने ते गाळले नाही. म्हणून राजाविषयीचा हा उतारा आधी खूण करून ठेवावा आणि तो कोणत्याही कारणाने वगळू नये.

बाकीचे उतारेही अनुवादातलेच : आरंभापासून ‘हे इस्राएला, ऐक’ पर्यंत, पुढे दशमांशाचे नियम, शेवटी आशीर्वाद आणि शाप. मराठी बायबलात या ग्रंथाला ‘अनुवाद’ म्हणतात ते भाषांतर या अर्थाने नव्हे, तर पुन्हा सांगणे या जुन्या अर्थाने. यहुदी परंपरेतले त्याचे ‘मिश्ने तोरा’ हे नावही तेच सांगते. वाचनानंतरचे आठ आशीर्वाद राजाला पाठ असावेत.

आता लोक. आज्ञेत पुरुष, स्त्रिया, मुले आणि वेशीच्या आत राहणारा उपरी असे चौघेही नावानिशी आहेत, तेव्हा कोणालाही घरी ठेवू नये. पुरुष शिकायला येतात, स्त्रिया ऐकायला येतात, मग कडेवरची मुले कशाला, असे रब्बी एलाझार बेन अजऱ्या यांनी विचारले आणि उत्तरही दिले : आणणाऱ्यांना पुण्य मिळावे म्हणून. ज्याला हिब्रू कळत नाही, त्यानेही सीनायवर तोरा मिळाली त्या दिवसासारखे कान देऊन उभे राहावे, आणि ज्याच्यापर्यंत आवाजच पोहोचत नाही त्याने मन तिकडे लावावे, असे मैमोनिडीस सांगतात. राजा त्यांच्या लेखी देवाचे शब्द ऐकवणारा निरोप्या आहे.

इ. स. ७० मध्ये मंदिर पडले आणि आज राजाही नाही, तरी १९४५ मध्ये यरुशलेममध्ये या सभेच्या स्मरणार्थ लोक जमले आणि त्यानंतरही जमत आले. पुढचे सातवे वर्ष यहुदी पंचांगातले ५७८९ हे आहे, म्हणजे स्मरणाची सभा २०२९ च्या मांडवांच्या सणात येईल. जे आतापासून तयारीला लागतील, त्यांनी मुलांची जागा मागे ठेवू नये; गुंडाळी एका हातातून दुसऱ्या हातात जाताना त्यांना दिसेल, इतकी ती पुढे असावी.