गाडी टो झाली? पैसे भरण्याआधी हे पाहा

गाडी लावलेल्या जागी दिसली नाही तर आधी शेजारच्या दुकानदाराला विचारा. टोइंगवाले कोणत्या चौकीचे, हे त्याला बहुधा ठाऊक असतं. महाराष्ट्राच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकूनही बघा, पण नोंद उशिरा चढू शकते. कुठेच पत्ता लागला नाही तर ११२ ला फोन करा; चोरीही झालेली असू शकते.

तिथून निघण्याआधी जागेचे फोटो घ्या, नो-पार्किंगची पाटी असो वा नसो. पुण्यात पी-१, पी-२ची (एक दिवस रस्त्याच्या एका बाजूला, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूला पार्किंग) पाटी असेल तर सम-विषम तारखेचा हिशेब जुळवा. मात्र पाटी नाही म्हणजे परवानगी आहे असं नाही: झेब्रा क्रॉसिंग, फूटपाथ किंवा दुसऱ्याच्या फाटकासमोर लावली असेल तर वाद घालण्यात अर्थ नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ नुसार मनाई असलेल्या जागी लावलेली किंवा दहा तास बेवारस उभी असलेली गाडी उचलायला गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याचा आदेश लागतो. ठेकेदाराची पोरं स्वतःच्या मर्जीने गाडी उचलू शकत नाहीत. टोइंगचा खर्च मात्र मालकावरच पडतो, दंड वेगळा. गाडी हुकला लागण्याआधी पोहोचलात तर चलान घ्या आणि गाडी हलवू द्या असा आग्रह धरा. आत माणूस असताना तर गाडी उचलूच नये. २०१७ मध्ये मालाडला आई आणि बाळ आत असताना कार ओढली गेली आणि हवालदार निलंबित झाला.

चौकीत दंड आणि टोइंग शुल्क यांच्या वेगवेगळ्या पावत्या मागा. चलान चुकीचं वाटत असेल तर दंड भरू नका. भरला की कलम २०० खाली तडजोड होऊन प्रकरण मिटतं. त्याऐवजी फोटो जोडून ऑनलाइन तक्रार करा.

ताबा घेण्याआधी गाडीभोवती फिरून बंपर, खालची बाजू, चाकं बघा. इंजिन पुढची चाकं फिरवतं अशी ऑटोमॅटिक गाडी मागून उचलून पुढच्या चाकांवर ओढली तर गिअरबॉक्स बिघडू शकतो. इंजिन चारही चाकं फिरवतं अशी (फोर-व्हील ड्राइव्ह) गाडी फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट ट्रकवर चढवून न्यावी. नुकसान दिसलं तर तिथेच फोटो काढा, लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. 'सर्व चांगल्या स्थितीत मिळाले' अशा कागदावर सही करू नका. सर्वसमावेशक विमा असेल तर दुरुस्तीआधी कंपनीला कळवा. फक्त थर्ड पार्टी विम्यात हे नुकसान मिळत नाही. किरकोळ ओरखड्यासाठी दावा करून नो-क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) घालवणं बहुधा परवडत नाही.