पदवीधरच्या मतपत्रिकेवर पसंतीक्रम कसा लिहावा

‘प्रेफरन्स’ला मराठीत एकच शब्द पुरत नाही. बँकेच्या रांगेत ज्येष्ठांना मिळतं ते प्राधान्य. चहा की कॉफी, ही पसंती. आणि पसंतीला आकडे लावले की होतो पसंतीक्रम. विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत मतपत्रिकेवर हा तिसरा शब्द असतो. ईव्हीएमचं बटण दाबायची सवय झालेले लोक नेमके इथे चुकतात.

मतपत्रिकेसोबत जांभळं स्केचपेन मिळतं. तेच वापरायचं, खिशातलं पेन बाहेर काढायचं नाही. सगळ्यात आवडत्या उमेदवारासमोरच्या रकान्यात १ लिहा. १, 1 किंवा रोमन I, तिन्ही चालतात. ‘एक’ असं अक्षरात लिहिलं, बरोबरची खूण केली किंवा फुली मारली, तर मत बाद. १ कुणालाच न देता थेट २ पासून सुरुवात केली किंवा दोघांना १ दिला, तरी बाद. सही, नाव, ‘शुभेच्छा’, असलं काही लिहू नका. ओळख पटेल अशी खूण मत बाद करते.

पुढचे क्रम ऐच्छिक आहेत. उमेदवार कितीही असोत, हवे तिथे थांबा. मात्र मधला आकडा गाळू नका: १, २, ४ लिहिलंत तर २ पर्यंतच धरतात. २ दोघांना दिलात तर पहिली पसंती शाबूत राहते, पुढचं सगळं वाया.

‘दुसरी पसंती दिली तर आपला माणूस पडेल’ हे प्रचारात हमखास ऐकू येतं. ते चूक आहे. एका जागेचा कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी मतं, असा निघतो: वैध मतांना २ ने भागायचं, अपूर्णांक सोडायचा, १ मिळवायचा. ९९,९९९ वैध मतं असतील तर भागाकार ४९,९९९.५, म्हणजे कोटा ५०,०००. पहिल्या पसंतीवर कुणीच तिथे पोचला नाही, तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका त्यांवरच्या पुढच्या पसंतीप्रमाणे वाटल्या जातात. तुमचा १ शर्यतीत आहे तोवर तुमच्या २ कडे कुणी बघतही नाही. उलट तो बाद झाला आणि २ कोराच असला, तर तुमची मतपत्रिका तिथेच संपते. म्हणून लहान उमेदवाराला १ देणाऱ्याने २ नक्की लिहावा.

एक गोष्ट आधीची. ही मतदारयादी दर निवडणुकीला नव्याने बनते. विधानसभेच्या यादीतलं नाव इथे उपयोगाचं नाही. पदवीधरांनी नमुना १८, शिक्षकांनी नमुना १९ भरायचा.

आकडा चुकला तर गिरवागिरव करू नका. पेटीत टाकण्याआधी मतपत्रिका केंद्राध्यक्षांकडे परत द्या. चूक अनवधानाने झाल्याची खात्री पटली की ते दुसरी देतात.