कॉम्प्युटर अपग्रेड करताय? मग जुन्यातला कुठला डीव्हीडी ड्राइव्ह ठेवायचा?

माझ्या जुन्या कॅबिनेटमध्ये दोन ड्राइव्ह होते, वरचा डीव्हीडी रायटर आणि खाली एक जुना ५२एक्सवाला सीडी रायटर, शिवाय माळ्यावर एक पडलेला. नवीन मशीनमध्ये जागा एकाचीच, आणि आजकालच्या बऱ्याच कॅबिनेटना तर सव्वापाच इंची खण पण नसतो, फक्त पुढे काच आणि लाइटिंग. तेव्हा कॅबिनेट घ्यायच्या आधी हे ठरवा, नंतर नाही.

पहिले मागची केबल बघा. चपटी रुंद पट्टी आणि ४० पिना असतील तर तो आयडीई, नवीन मदरबोर्डवर ते कनेक्टरच येत नाही, त्यामुळे कितीही चांगला चालत असला तरी त्याला सोडा. बारीक एल आकाराचं कनेक्टर असेल तर साटा, तो चालेल. फक्त बोर्डवर साटा पोर्ट किती आहेत ते मोजा, कारण काही बोर्डांवर एम.२ एसएसडी (थेट बोर्डवरच बसते ती पट्टीसारखी डिस्क) लावली की एखादा साटा पोर्ट बंद पडतो, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं पण वाचतो कोण!

आता खरी परीक्षा. लोक स्पीड बघतात, १६एक्स की २४एक्स, पण आता नवीन डिस्क राइट करणार किती? आपल्याला जुन्या वाचायच्यात. म्हणून घरातली सगळ्यात खराब डिस्क शोधा, बहुतेक ती लग्नाची व्हीसीडीच असते, आणि तीच प्रत्येक ड्राइव्हमध्ये टाकून पूर्ण हार्डडिस्कवर कॉपी करून बघा. नुसती प्ले करू नका, कारण डेटा वाचायला आतून बाहेर सुरुवात होते आणि कडेचे ओरखडे शेवटी आडवे येतात, म्हणजे मंगलाष्टकं नीट दिसतात आणि पाठवणीला अडकतं. व्हीसीडीच्या व्हिडिओत एरर सुधारायची सोय साध्या डेटा सीडीपेक्षा कमी असते, त्यामुळे चांगला ड्राइव्ह कुठला ते तिच्यावर लगेच कळतं. माझ्याकडे नवा ड्राइव्ह ९० टक्क्यांवर अडकला आणि जुन्याने कुरकुरत का होईना पूर्ण काढली.

सीडी आणि डीव्हीडी दोन्ही वेगवेगळ्या टेस्ट करा. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० चा, त्यामुळे एक चालतो आणि दुसरा मेलेला असं होतं, आणि आपण म्हणतो डिस्कच खराब.

ब्लू-रे ड्राइव्ह असेल तर तो सहसा सीडी-डीव्हीडी पण वाचतो, पण घरात ब्लू-रे डिस्कच नसेल तर त्याचं कौतुक नको.

खण नाहीच मिळाला तर साटा ड्राइव्ह बाहेरून यूएसबीवर लावता येतो, फक्त अडॅप्टर १२ व्होल्टचा पॉवर देणारा घ्या. लॅपटॉप हार्डडिस्कसाठी मिळणारी साधी केबल ५ व्होल्टच देते, त्यावर मोठा ड्राइव्ह फिरत नाही.

आणि हो, बाकीचे भंगारात द्यायच्या आधी पुढच्या बारीक भोकात पेपरक्लिप घालून ट्रे उघडून बघा. माझ्या माळ्यावरच्या ड्राइव्हमधून भाचीच्या बारशाची सीडी निघाली, जी आम्ही कित्येक वर्षं शेजाऱ्यांकडे राहिली म्हणून त्यांच्यावर राग धरून होतो.